पहिली सफाई जपून

लेबल आणि चलन छापायचं सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस प्रिंटर जोडतो, चार लेबलं काढून दाखवतो आणि जातो. आत एक डेटाबेस आहे आणि तो प्रत्येक छपाईची नोंद साठवत राहणार आहे, हे कुणी सांगत नाही. भोसरीतल्या ज्या कारखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळतो, तिथे हे कळलं ते ऐन महिनाअखेरीला. "साहेब, प्रिंटरचा दिवा हिरवा आहे, पण लेबल पडत नाही," असा डिस्पॅचमधून फोन. रिबन, केबल सगळं बघून झालं. कारण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये होतं: डेटाबेस १०,२४० एमबीला टेकला होता, आणि नोंद झाल्याशिवाय छापायचं नाही अशी आमच्याकडे सेटिंग होती.

अशा सॉफ्टवेअरसोबत बऱ्याचदा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस येतो, कारण तो फुकट असतो. २०२२ पर्यंतच्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. २०२५ च्या आवृत्तीत ती ५० जीबी झाली, म्हणजे दुखणं पुढे ढकललं गेलं इतकंच. मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये टेबलवार जागेचा रिपोर्ट मिळतो, तो आधी काढा. कुणी, कधी, कोणत्या प्रिंटरवर छापलं या नोंदी फारशी जागा खात नाहीत. आमच्याकडे जागा खाल्ली होती ती रीप्रिंटसाठी साठवलेल्या लेबलांच्या चित्रांनी.

खरा घोळ पुढे झाला. पुरवठादाराच्या माणसाने रिमोटवरून 'नव्वद दिवसांपेक्षा जुनं काढा' असं ठरवून बटण दाबलं. कित्येक वर्षांचा साठा एकाच डिलीटमध्ये! एका हुकमाने साधारण पाच हजार लॉक घेतले की एसक्यूएल सर्व्हर अख्खं टेबल अडवू पाहतो. त्यामुळे नवीन नोंदी खोळंबल्या आणि जेमतेम सुरू झालेली छपाई पुन्हा थांबली. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असल्याने लॉग फाइल फुगत गेली. घाबरून मध्येच रद्द केलं, तर पुसलेलं परत जागेवर ठेवायला सर्व्हरला तितकाच किंवा जास्तच वेळ लागतो. गेटवर गाड्या उभ्याच.

म्हणून साफसफाई पहिल्या दिवसापासूनच चालू करा. साठा आधीच झाला असेल, तर बॅकअप घ्या आणि तो दुसरीकडे रिस्टोअर होतो का तेही पाहा. मग मुदत तीन वर्षं, अडीच वर्षं अशी हळूहळू खाली आणा. स्क्रिप्टने करत असाल तर एका वेळी दोन-तीन हजार ओळी पुरे. आणि हो, सफाईनंतर फाइलचा आकार तेवढाच दिसतो. जागा आतल्या आत मोकळी झालेली असते, नवीन नोंदी तीच वापरतात. रोज रात्री श्रिंक लावणारे भेटतात, पण त्याने इंडेक्स विस्कटतात आणि फाइल पुन्हा वाढतेच.

किती दिवसांचं ठेवायचं, हे आयटीवाल्याने एकट्याने ठरवू नये. जीएसटी कायद्यात हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवायची आहेत. इनव्हॉइस बिलिंगमध्ये असेल तर छपाईचं चित्र जपायची सहसा गरज नाही, तरी अकाउंट्सला आणि सीएला विचारूनच पुसा. आम्ही चित्रं महिनाभर ठेवतो आणि नोंदी दोन वर्षं, कारण ग्राहकाची तक्रार आली की क्वालिटीवाले त्याच मागतात.

सफाईची वेळ बॅकअपच्या नंतरची आणि शिफ्ट बदलण्याच्या आधीची निवडा. एक्सप्रेसमध्ये वेळापत्रकाचा एजंट नसतो, तेव्हा सॉफ्टवेअरचं स्वतःचं वेळापत्रक किंवा विंडोजचा टास्क शेड्युलर लागतो. तोही मशीन चालू असेल तरच चालतो. आमचा वॉचमन रात्री ऑफिसचा मेन स्विच इमानेइतबारे बंद करायचा. त्यामुळे 'ऑटोमॅटिक सफाई चालू' असं स्क्रीनवर दिसतं त्यावर विसंबू नका. महिन्यातून एकदा सर्वांत जुनी नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघा. ती तारीख पुढे सरकत नसेल, तर सफाई होत नाही.