पुरुषांचे केस व न्हाव्याची खुर्ची

डोक्यावरील केस हा केवळ आपल्या आवडीचा विषय आहे, असे आमचे विद्यार्थी समजतात. तो तसा झाला त्यास फार काळ लोटलेला नाही. पूर्वी पुरुषाने केस किती व कोठे राखावे, हे बहुतांशी त्याची जात व धर्म ठरवीत. शेंडी ही हिंदु पुरुषाची खूण मानली जाई. गोव्यात पोर्तुगीज सरकारने 1704 मध्ये या शेंडीवर करच बसविला व तो 1840 पर्यंत चालला. कर बसविणारे ख्रिस्ती होते, हे आम्ही ख्रिस्ती शिक्षकांनी इतिहास शिकविताना वगळू नये. आमच्या वसईवरही 1739 पर्यंत त्याच सत्तेचा अंमल होता.

गावचा न्हावी हा बलुतेदार. धोपटीत वस्तरा, नराणी, कात्री व पाण्याची वाटी घेऊन तो दारोदार जाई आणि सुगीच्या वेळी धान्य घेई. परंतु अस्पृश्य मानलेल्यांच्या डोक्यास त्याचा वस्तरा लागत नसे. त्यांनी आपले केस आपापसांत कापावे, अशी रीत होती.

डोक्यावर पगडी किंवा पागोटे असे तोवर आतील केसांकडे कोण पाहतो? उघड्या डोक्याने वावरण्याची चाल आली तेव्हा भांगास महत्त्व आले. गांधीजी 1888 मध्ये विलायतेस निघाले, तेव्हा उघड्या डोक्यावरील शेंडी पाहून लोक हसतील या भीतीने त्यांनी ती काढून टाकली. पुढे दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापण्यास तिरस्काराने नकार दिला. त्यांनी यंत्र विकत आणले व आरशापुढे उभे राहून स्वतःच केस कापले. मागचे केस बिघडले, आणि कोर्टातील स्नेह्यांनी उंदरांनी केस कुरतडले काय म्हणून थट्टा केली. गांधीजींनी मात्र त्या न्हाव्यास दोष दिला नाही. आपले न्हावी तरी अस्पृश्यांचे केस कोठे कापतात, असा विचार त्यांच्या मनात आला. केशभूषेच्या साऱ्या इतिहासात आम्हांस हा प्रसंग सर्वांत बोधप्रद वाटतो.

विरारहून मुंबईस लोकल गाडी 1867 पासून जाऊ लागली. शहरात खुर्ची व आरसा असलेली केशकर्तनालये निघाली. तेथे गिऱ्हाइकाने रोख पैसे द्यावे व उठावे. बलुत्याचा संबंध उरला नाही. नकार देणे हा कायद्याने गुन्हा ठरण्यास मात्र 1955 साल उजाडावे लागले. खेड्यांतून अशा तक्रारी अद्यापि अधूनमधून ऐकू येतात.

दाढीचे प्रकरण निराळे. अमेरिकेत जिलेट याने 1904 मध्ये पात्याच्या वस्तऱ्याचे पेटंट मिळविले, आणि कालांतराने दाढी हे घरी, रोज सकाळी उरकण्याचे काम झाले. पुढल्या फॅशनी विद्यार्थ्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत: ब्रिलक्रीमने चापून बसविलेले केस, 1970 नंतरचे कानांवर आलेले केस व रुंद कल्ले, 2003 च्या ‘तेरे नाम’ चित्रपटानंतरचा मधला भांग, आणि हल्ली कानांजवळ जवळजवळ तुळतुळीत व वर दाट, त्याखाली पुन्हा दाढी! एड्सच्या भयाने जुना वस्तरा मागे पडला व दर गिऱ्हाइकास नवे पाते आले. आमच्या मते हा बदल या सर्व फॅशनींहून मोठा आहे.

शाळेच्या फाटकापाशी केसांची तपासणी होते. केस मळलेले असल्यास मुलास समज द्यावी, हे योग्यच. परंतु भांगाच्या आकारावरून त्याचे शील ठरविणे आम्हांस पटत नाही. तो आकार दर दहा वर्षांनी बदलतो. त्यापेक्षा, ज्या कारागिराकडून दर महिन्यास केस कापून घ्यावयाचे त्याच्या धंद्याचे नाव मैदानावर शिवीसारखे वापरणारा मुलगा आम्हांस अधिक खटकतो. तीच शिवी ऐकणाऱ्यांत त्या धंद्यावर पोट असलेल्या घरचा मुलगाही असू शकतो, आणि वडील काय करतात असे विचारले असता तो उत्तर देण्यास का अडखळतो, हे शिक्षकास निराळे विचारावे लागत नाही.