गिरगावाखालची गाडी

आपल्या बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा तुम्ही पाहिलाच असेल. पाणी भूगर्भातून वाहते; परंतु वर कुंड्यांची तोंडे उघडी ठेवावी लागली. भुयारी रेल्वेचेही तसेच असते. मुंबईच्या गिरगाव-काळबादेवीकरांनी ते अनुभवले.

काळबादेवीवरून १८७४ साली घोड्यांची ट्राम निघाली. मुंबईची ट्राम १९०७ पासून विजेवर धावू लागली व १९६४ मध्ये बंद झाली. ती रस्त्यातच थांबे. लोक रस्त्यातूनच चढत. आरे ते कफ परेड हा सुमारे ३३.५ किलोमीटरचा मेट्रोमार्ग मात्र बहुतेक जमिनीखालून जातो. त्याच्या जिन्यांना आणि हवा खेळविणाऱ्या यंत्रांना वर जागा हवी. आणि तेथे तर जुन्या चाळी उभ्या! कित्येकांनी स्थानकालाच विरोध केला. उठवायचेच असेल, तर घर याच परिसरात द्या, अशी पुष्कळांची मागणी होती. मला तरी ती रास्त वाटते. शेजार का दुसरीकडे बांधून मिळतो? शासनाने ती मान्य केली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गाडी काळबादेवीस थांबू लागली. ज्यांच्या चाळी पाडल्या गेल्या, त्यांना मात्र त्यापूर्वी कित्येक वर्षे दुसरीकडे बिऱ्हाड करावे लागले होते.