क्लच स्लिप मारतोय? आधी पेडलची चाल पाहा

सभासद बंधूंनो,

गळीत हंगाम तोंडावर आला की आपण सगळे तोडणीची तारीख, टोळी आणि वाहन यांच्या मागे लागतो. वाहन ठरले म्हणजे काम झाले, असे आपण धरून चालतो. पण भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन निघालेला ट्रॅक्टर चढावर अडला, तर तोडलेला ऊस रस्त्यावरच वाळत बसतो. त्याचे वजन तासातासाला घटते, साखरही उतरते. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही नेहमी सांगतो, ते याचसाठी.

मागे एका हंगामात एक सभासद माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, इंजिनात दमच राहिला नाही. पंप खोलून घेतला, नोझल बदलले, तरी गाडी चढ चढंना." मी जाऊन पाहिले. रेस दिली की इंजिन ओरडायचे, पण ट्रॅक्टर जागचा जेमतेम हलायचा, आणि जळका वास यायचा. मी म्हटले, "दादा, दम इंजिनात आहे. तो चाकापर्यंत पोचत नाही." क्लचचे पेडल हाताने दाबून पाहिले, तर त्याला मोकळी चाल अजिबात नव्हती. चाल बसवून दिली, पण तोवर प्लेट जळून गुळगुळीत झाली होती. शेवटी ती बदलावीच लागली. पंपाचा खर्च फुकट गेला आणि ऊस दोन दिवस फडात पडून राहिला तो वेगळाच.

दोष नेमका कुठे?

ओढताना तीन गोष्टी पाहाव्यात.

१. इंजिनाची रेस पडते आणि काळा धूर येतो, तर ओझे जास्त आहे किंवा इंजिन, डिझेल, एअर क्लीनर यांत दोष आहे.
२. मागची मोठी चाके जागच्या जागी फिरतात, तर टायरला पकड नाही.
३. रेस चढते, पण चाके त्या मानाने फिरत नाहीत, तर क्लच स्लिप मारतो आहे.

खात्री करायची तर ट्रॉली सोडून, सपाट जागेवर, पुढेमागे कोणी नाही असे बघून परीक्षा घ्यावी. दोन्ही ब्रेक पेडल जोडून दाबावेत, हँडब्रेक लावावा, वरचा गिअर टाकावा आणि मध्यम रेसवर क्लच हळूहळू सोडावा. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडते. चालूच राहिले तर समजावे की प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केल्यास प्लेट तापते.

असे का होते?

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये क्लच प्लेट स्प्रिंगच्या जोराने दाबून धरलेली असते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग आतल्या बोटांवर टेकते आणि पकड सुटते. प्लेट झिजत जाते तशी ही बोटे बेअरिंगकडे सरकतात आणि पेडलची मोकळी चाल कमी होते. चाल संपली की बेअरिंग बोटांना कायम टेकून राहते. म्हणजे पेडलवर कोणी पाय ठेवलेला नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. मग घसरण, उष्णता आणि आणखी झीज.

चाल कशी बसवावी?

इंजिन बंद करून चाकांना दगड लावावेत. पेडलशेजारी फूटपट्टी धरून पेडल हाताने दाबावे आणि पहिला जडपणा लागेपर्यंतचे अंतर मोजावे. बऱ्याच ट्रॅक्टरांत हे अंतर २० ते ४० मिलिमीटर असते, पण नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तकातलाच घ्यावा. कमी असल्यास दांडीचा लॉकनट ढिला करून दांडीची लांबी जुळवावी, पुन्हा मोजावे आणि लॉकनट घट्ट करावा. आतल्या बोटांची सेटिंग मात्र घरी करू नये. तेलातला क्लच किंवा हायड्रॉलिक पेडल असेल तर काम मिस्त्रीकडेच द्यावे.

चाल बरोबर असूनही स्लिप मारत असेल तर प्लेट झिजली आहे, स्प्रिंग मऊ पडल्या आहेत, किंवा प्लेटवर तेल आले आहे. क्लच हाउसिंगच्या तळाशी छोटे भोक असते. तिथून तेल गळत असेल तर सील गेले असे समजावे. तेल पिलेली प्लेट पेट्रोलने धुऊन टिकत नाही. प्लेट आणि सील दोन्ही बदलावे. ट्रॅक्टर फोडलाच आहे तर रिलीज बेअरिंगही पाहून घ्यावे आणि फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा तडे आहेत का ते तपासावे. आतली धूळ हवेने उडवू नये, तोंडानेही फुंकू नये. जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असू शकते, ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी.

चालकाला एवढे सांगा

- क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये.
- भरल्या ट्रॉल्या खालच्या गिअरमध्येच उचलाव्यात.
- चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नये, ब्रेक वापरावा.
- उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी सोडू नये.
- चढावर स्लिप मारू लागल्यास जोर करू नये. ब्रेक लावून ट्रॉलीच्या चाकांमागे मोठे दगड द्यावेत आणि दुसरा ट्रॅक्टर बोलवावा.

शेवटची सूचना हलक्याने घेऊ नका. घसरत्या क्लचला इंजिनाचा आधार राहत नाही, आणि मागे टनावारी ऊस असतो. गाडी मागे सरली तर मागून येणारा माणूसही आपल्यापैकीच कोणीतरी असतो.

तेव्हा पहिली मोळी पडण्याआधी एकदा फूटपट्टी घेऊन पेडलजवळ बसा. दहा मिनिटांचे काम आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी