नकली तबकडी, पळणारं घड्याळ

प्रश्न : ऑनलाइन घेतलेलं चावीचं एचएमटी ‘जनता’ दिवसाला वीस मिनिटं पुढे पळतं. तबकडीही नकली निघाली. दुरुस्त करावं का?
– एक वाचक, गडचिरोली

उत्तर : जरूर करा. तबकडी नव्याने रंगवलेली असली, तरी आतलं यंत्र अनेकदा अस्सल असतं. मागचं झाकण उघडून एचएमटीचं नाव शोधा. इतकं पळणं म्हणजे बहुधा केसाएवढ्या हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेत. स्प्रिंगची चालती लांबी घटली, की बॅलन्स चाक घाईने झुलतं. होकायंत्र जवळ धरा : सुई टिकटिकीबरोबर थरथरली तर चुंबकत्व, नाहीतर स्प्रिंगवर तेल किंवा पावसाळी ओल. 2016 मध्ये एचएमटीची घड्याळं बंद करायचं ठरलं, मग सुटे भाग कुठले, ही शंका रास्त आहे. पण चुंबकत्व काढणं आणि साफसफाई, या दोन्ही उपायांना सुटा भाग लागतच नाही. चंद्रपूरच्या कारागिराकडून आधी चुंबकत्व काढून, साफसफाई करून घ्या. वेग जुळवणाऱ्या रेग्युलेटरला हात त्यानंतरच लावू द्या.