तुटायचंच तर कुठे तुटावं

क्योतो शहराच्या हद्दीतला जवळपास तीन-चतुर्थांश भाग जंगल आहे. कामोगावाच्या काठची घरं विरळ झाली की कितायामाचे डोंगर सुरू होतात. उत्तरेला हानासे खिंड ओलांडली की हिरोगावारा, वायव्येला शूझान काइदो धरला की केइहोकु, त्यापलीकडे मियामा. शहरात बर्फाची जेमतेम भुरभुर असते तेव्हा तिकडे बंपर बुडालेला असतो. या टापूत मी जुनी सुझुकी जिम्नी चालवतो. जेबी२३ म्हणजे १९९८ साली आलेली आणि २०१८ पर्यंत बनत राहिलेली पिढी. आठवडाभर ऑफिस, बाजार, लेकीची शाळा. सुटीला जंगलातले कच्चे रस्ते, जे साखळी लावून बंद केलेले नसतील ते. तिच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर टप्प्याटप्प्याने काम करताना जे कळलं ते इथे मांडतो. पुण्या-नाशकात जिप्सी बाळगणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, कारण जिप्सीचे आणि जिम्नीचे पुढचे नकल (चाक ज्याच्यावर वळतं तो सांधा) एकाच घराण्यातले.

१. सुटे भाग मागवण्याआधी गाडी रोज काय करते ते बघा.

जेबी२३ला पुढच्या चाकांत हवेच्या ओढीवर (व्हॅक्यूमवर) चालणारे लॉकिंग हब असतात. गाडी टू-व्हीलमध्ये असली की हब सुटतात, चाकं मोकळी फिरतात, आणि आतले शाफ्ट नि सीव्ही जॉइंट जागच्या जागी पडून राहतात. म्हणजे रोजच्या ऑफिसच्या वाटेवर सीव्ही जॉइंटची झीज जवळपास होतच नाही. झिजतात ती किंगपिनची बेअरिंग, चाकांची बेअरिंग आणि टाय रॉडची टोकं. पुढचा अ‍ॅक्सल मजबूत करायचा म्हणून पहिल्याच दिवशी क्रोमोलीचे (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे) शाफ्ट मागवणारी माणसं मी इथेही पाहिली, भारतातही. शाफ्ट चकचकीत दिसतो, त्याचे फोटो छान येतात. किंगपिनच्या बेअरिंगचा फोटो कोण काढणार?

२. स्टिअरिंग थरथरलं की डँपर घेऊ नका, नकल उघडा.

जुन्या जिम्नीचा हा प्रसिद्ध आजार. ताशी साठच्या आसपास रस्त्यावरच्या एखाद्या सांध्यावरून चाक गेलं की स्टिअरिंग थडथडायला लागतं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. स्टिअरिंग डँपर बसवला की थरथर दबते, बरी होत नाही.

कारण साधं आहे. दोन्ही बाजूंच्या नकलमध्ये वर एक आणि खाली एक अशी निमुळत्या रोलरची एकूण चार बेअरिंग असतात, हीच किंगपिनची बेअरिंग. चाकाच्या बेअरिंगसारखी ती गरगर फिरत नाहीत. गाडी सरळ धावते तेव्हा रोलर एकाच जागी बसून रस्त्याचे दणके खातात. वर्षानुवर्षं तेच झालं की रोलरखालच्या कडीवर चरे पडतात. गाडी जॅकवर घ्या, टाय रॉड सोडा आणि नकल हाताने डावीकडून उजवीकडे फिरवा. मधोमध आल्यावर तो अडकल्यासारखा एका खाचेत बसला, तर बेअरिंग गेली.

नवी बेअरिंग टाकताना त्यांच्यावर किती ताण ठेवायचा हे पातळ पत्र्याच्या शिमने ठरतं, आणि तो ताण स्प्रिंगच्या काट्याने नकल ओढून मोजायचा असतो. माझं काम करणारे फुशिमीतले वयस्कर मेकॅनिक काटा लावतात, आकडा वहीत लिहितात, एक शिम काढतात, परत काटा लावतात. या कामाला लागणारा वेळ खरोखर इथे जातो. ‘हाताला बरोबर लागतंय’ म्हणून जो पुढे जातो, त्याच्याकडे ती थरथर लवकरच परत येते. अख्ख्या अ‍ॅक्सलवर मी केलेल्या खर्चात सर्वांत जास्त वसूल झालेला पैसा हाच.

३. नकलवर काळं पाणी दिसलं तर ते आतून आलेलं असतं.

अ‍ॅक्सलच्या नळीत गिअर ऑइल, नकलमध्ये ग्रीस, आणि दोघांच्या मध्ये एक ऑइल सील. ते गेलं की ऑइल नकलमध्ये शिरतं, ग्रीस पातळ होतं आणि बाहेरच्या गोल भागावरून काळा रबडा ओघळतो. मी पुण्यातल्या ओळखीच्या मेकॅनिककाकांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आयुष्यभर जिप्सी उघडलेला माणूस. म्हणाले, ‘‘साहेब, बाहेरून पुसत बसू नका. आतलं सील टाका, नाहीतर महिन्याने परत पुसाल.’’ फुशिमीच्या मेकॅनिकनीही, त्यांच्या भाषेत आणि फारच अदबीने, हेच सांगितलं होतं.

सील बदलायला शाफ्ट बाहेर काढावाच लागतो. म्हणून सील, किंगपिनची बेअरिंग, नकलचं रबर, नमदा आणि मॉलिब्डेनमचं ग्रीस हे सगळं एकाच बैठकीत करावं.

४. सीव्ही जॉइंटचा खरा शत्रू म्हणजे पूर्ण वळवलेलं स्टिअरिंग.

साधा युनिव्हर्सल जॉइंट वाकवून फिरवला की पुढचा दांडा एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. तीस अंशांच्या कोनात हा फरक मूळ वेगाच्या ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत जातो. वळणाऱ्या चाकाला हे चालत नाही. विसाव्या शतकाच्या विशीत आल्फ्रेड झेप्पा यांनी सहा छर्‍यांचा जॉइंट काढला. बाहेर वाटी, आत गाभा, मधे पिंजरा. छर्रे नेहमी दोन दांड्यांमधला कोन बरोबर दुभागणाऱ्या पातळीत राहतात, त्यामुळे वेग दोन्हीकडे सारखा. म्हणूनच नाव कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे सीव्ही. १९५९ सालच्या ब्रिटिश मिनीने ही कल्पना घरोघरी नेली. जपानमध्ये १९६६ची सुबारू १००० आली, ती तोयो बेअरिंगबरोबर विकसित केलेला, आत-बाहेर सरकू शकणारा जॉइंट घेऊन. तीच कंपनी आजची एनटीएन.

कोन वाढला की भार सगळ्या छर्‍यांवर सारखा राहत नाही. काहींवर फार, काहींवर नाममात्र. म्हणून जॉइंट फुटायची नेहमीची वेळ ठरलेली: लो गिअर, चाक दगडाला अडलेलं, स्टिअरिंग टोकाला, आणि ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय. यावरचा उपाय फुकट आहे. स्टिअरिंग थोडं सरळ करा, मागे घ्या, नवी वाट धरा.

नकल बंद असल्यामुळे फुटलेला छर्रा किंवा वाटीचा तुकडा आतच अडकून स्टिअरिंग जाम करू शकतो. ज्या गाडीतून मुलं शाळेत जातात तिच्यात हे ध्यानात ठेवलेलं बरं. टक् असा मोठा आवाज आला की ‘घरी जाऊन बघू’ नाही.

५. लिफ्ट केल्याने, म्हणजे उंच स्प्रिंग टाकून गाडी उचलल्याने, जिम्नीच्या सीव्हीचा कोन बदलत नाही.

हा गैरसमज स्वतंत्र सस्पेंशनवाल्या गाड्यांवरून आला. नवी थार किंवा हायलक्स उचलली की शाफ्ट तिरके होतात, कारण डिफरन्शियल चासीला बांधलेलं असतं आणि चाकं खाली जातात. जिम्नीत अख्खा अ‍ॅक्सल एकसंध खाली राहतो. बदलतो तो कॅस्टर: पुढचे दोन लांब आर्म खाली झुकतात, अ‍ॅक्सल थोडा पुढे गोल फिरतो, आणि स्टिअरिंगची आपणहून सरळ होण्याची सवय कमी होते. मग गाडी हायवेवर भटकते, आणि दुसऱ्या मुद्द्यातल्या थरथरीला आयतं आमंत्रण मिळतं. त्यावर एककेंद्री नसलेले बुश मिळतात, ते स्प्रिंगबरोबरच बसवावेत. शिवाय आडव्या रॉडमुळे अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. तो रॉड लांबी बदलता येणारा हवा.

जाता जाता: गुरुग्रामला बनलेली पाच दारांची जिम्नी २०२५च्या जानेवारीत इथे जाहीर झाली, चार-पाच दिवसांत सुमारे पन्नास हजार मागण्या आल्या आणि बुकिंग थांबवावं लागलं. तेव्हापासून आमचे मेकॅनिक मला भारतीय मोटार उद्योगाचा प्रवक्ता समजतात.

६. ताकद एका जागी वाढवली की कमकुवत जागा पुढे सरकते.

मला सांगायचंय ते मुख्यतः हेच. कंपनीचा शाफ्ट काढून क्रोमोलीचा टाकला की तुटायची पुढची जागा हब, किंवा डिफरन्शियलचे क्राउन-पिनियन. आता प्रत्येक ठिकाणचं काम बघा. हातानं फिरवायचा हब बदलायला मोजके बोल्ट आणि रस्त्याकडेची थोडी सपाट जागा पुरते. शाफ्टला चाक, ब्रेक, हब सगळं उतरवावं लागतं. क्राउन-पिनियनला दोन्ही बाजूंचे शाफ्ट ओढून डिफरन्शियल बाहेर काढावं लागतं, आणि नंतर दातांची बैठक जुळवायची. शॉर्ट सर्किट झालं तर फ्यूज उडावा, अख्खी वायरिंग जळू नये, तसंच हे.

म्हणून मी हवेचे हब काढून हातानं फिरवायचे बसवले. बर्फात उतरून, वाकून, दोन्ही चाकांशी खटाटोप करावा लागतो, आणि बायकोला हा बदल अजिबात पटलेला नाही. पण हवेच्या नळ्या आणि रबरी सील जुनी झाल्यावर हब अर्धवट अडकायची भीती गेली, आणि फ्यूज माझ्या हाताशी आला. सुटा हब मागे डब्यात असतो. पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या भागांतलं काहीही तुटलं तरी, नकल जाम नसेल तर, दोन्ही हब मोकळे करून मागच्या चाकांवर घरी येता येतं.

७. अर्धवट बर्फ जास्त घातक.

जिम्नीला मधलं डिफरन्शियल नाही. हानासेच्या वळणांवर सावलीत बर्फ आणि उन्हात कोरडं डांबर असतं. तिथे फोर-व्हील तशीच ठेवून तीव्र वळण घेतलं की पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, आणि तो पीळ शाफ्ट नि जॉइंट सोसतात. गाडी वळणात ब्रेक लागल्यासारखी अडखळते. कोरडा पट्टा लांब दिसला की टू-व्हील.

८. खिंडीत बर्फ वितळवायला कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे लोखंडावर ओलंच राहतं. परतल्यावर गाडीचं पोट धुवायचं.

९. शाकेनचं गणित आधी करा.

इथे खासगी गाडीची तपासणी पहिल्यांदा तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. टाय रॉडच्या टोकाचं फाटलेलं रबर, ठिबकणारं ऑइल, फेंडरबाहेर मर्यादेपेक्षा जास्त आलेलं टायर, यातलं काहीही गाडी परत पाठवायला पुरतं. उंचीत नोंदीपेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर बहुधा बदलाची वेगळी नोंद लागते. कुठले भाग यातून सुटतात ते खरेदीआधी विचारावं. नियम कडक आहेत, पण लिहिलेले आहेत. आपल्याकडे आरटीओत काय चालेल हे त्या दिवशीच्या टेबलावर कळतं, त्यापेक्षा मला हे परवडतं.

१०. खर्चाचा क्रम.

बेअरिंग आणि सील, मग कॅस्टर, मग हब, मग टायर. मूळचं १७५/८०आर१६ टायर सुमारे ६८६ मिलिमीटर व्यासाचं. मी १८५/८५ लावलं, ते ७२१च्या आसपास. म्हणजे दगडाला अडल्यावर शाफ्टवर येणारा पीळ साधारण पाच टक्क्यांनी जास्त. एवढं कंपनीचा शाफ्ट सोसतो. केइहोकुचे शेतकरी तर कसलाही बदल न केलेले छोटे फोर-व्हील ट्रक लाकूडफाटा लादून आमच्यापेक्षा वर नेतात.

क्रोमोलीचे शाफ्ट मी अजून घेतलेले नाहीत. पुढे डिफरन्शियल लॉकर बसवला तर मात्र त्याच दिवशी घेईन, कारण लॉकर लागला आणि एक चाक हवेत असलं की सगळा जोर एकाच शाफ्टवर येतो.