स्टेज ठरवणारा स्कॅन: कधी, कोणता आणि किती विश्वासाचा?

स्तनात गाठ हाताला लागत नाही, पण स्तन लाल, गरम आणि जड झालाय, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसतेय. पहिला अंदाज जंतुसंसर्गाचा असतो, विशेषतः बाई अंगावर पाजत असेल तर. आठवडा-दहा दिवस अँटिबायोटिक घेऊनही लाली उतरली नाही, तर मात्र औषध बदलून बघत बसू नका. स्तनाचा दाहक कॅन्सर असाच दिसतो. तो विरळा आहे, पण फार वेगाने वाढतो. निदान सुईने काढलेल्या तुकड्यावर आणि त्वचेच्या बायोप्सीवर होतं, स्कॅनवर नाही.

निदान झालं की घरचे विचारतात, ‘डॉक्टर, कितवी स्टेज?’ या आजारात कॅन्सरच्या पेशी त्वचेतल्या रसवाहिन्यांत शिरून त्या तुंबवतात. म्हणून तो सापडतो तेव्हाच किमान तिसऱ्या स्टेजमध्ये धरला जातो. स्कॅनला विचारायचं ते एवढंच, की लांब कुठे पसरलाय का? हाडं, यकृत, फुप्फुसं या त्याच्या नेहमीच्या जागा. साधारण तीनातल्या एका रुग्णात तो निदानाच्या वेळीच तिथे पोचलेला असतो.

मॅमोग्राफी दोन्ही स्तनांची करतात, सोनोग्राफी काखेतल्या गाठींसाठी. पुढे बहुधा पेट-सीटी. त्यात किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात. भराभर वाढणाऱ्या पेशी ती जास्त खेचतात आणि पडद्यावर चमकतात. म्हणून चार ते सहा तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं. आदल्या दिवशी व्यायाम, जड कामं नकोत. मधुमेह असेल तर गोळ्या-इन्सुलिनचं वेळापत्रक केंद्राला आधीच विचारा. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहावं लागतं. त्या दिवशी काही तास तान्ही मुलं आणि गरोदर बायका यांना जवळ घेऊ नका. गावाजवळ पेट नसेल तर छाती-पोटाचा सीटी आणि हाडांचा बोन स्कॅन करूनही काम भागतं. पेटची तारीख मिळेना म्हणून उपचार अडवून ठेवणं मला पटत नाही.

हे सगळं केमोच्या पहिल्या डोसाआधी उरकायला हवं. या आजारात आधी केमो, मग स्तन आणि काखेतल्या गाठी काढायची शस्त्रक्रिया, मग रेडिएशन, असा क्रम असतो. केमोने लाली आणि गाठी विरतात. मग मूळ आजार कुठवर होता, रेडिएशन कुठवर द्यायचं, हे जुन्या चित्रांवरूनच कळतं. त्यासाठी डॉक्टर स्तनाचे फोटोही काढून ठेवतात. संकोच करू नका.

आता रिपोर्टबद्दल. त्यातला ‘एसयूव्ही’चा आकडा हल्ली पुतणे-भाचे मोबाइलवर शोधून घरभर सांगतात. तो आकडा म्हणजे त्या जागेने साखर किती खेचली, एवढंच. साखर क्षयरोगाच्या गाठीही खेचतात, आणि क्षय आपल्याकडे घरोघरचा आहे. छातीतली एखादीच गाठ चमकली म्हणून चौथी स्टेज ठरवू नये. शक्य असेल तिथे सुई घालून खात्री करावी. तिसरीत आजार समूळ काढायचा प्रयत्न असतो, चौथीत तो आटोक्यात ठेवायचा. चुकीचा शिक्का बसला तर उपचाराची दिशाच बदलते. गळपट्टीच्या हाडावरची, त्याच बाजूची गाठ कॅन्सरची निघाली तरी ती तिसऱ्याच स्टेजमध्ये मोडते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

उलटही होतं. अगदी बारीक गाठी पेटमध्ये सुटतात. मेंदू स्वतःच भरपूर साखर वापरतो, त्यामुळे तिथला ठिपका झाकला जातो. डोकेदुखी, उलट्या, फिट असं काही असेल तर मेंदूचा एमआरआय वेगळा करावा लागतो.

आणि हे सगळं आक्रमक किंवा पुढे गेलेल्या आजाराबद्दल आहे. लहान गाठ, काख मोकळी, काही त्रास नाही, अशा वेळी ‘एकदा सगळं अंग तपासून टाका’ असा हट्ट धरू नका. त्यातून सापडतात ते बहुधा निरुपद्रवी डाग, आणि त्यांच्या तपासण्यांत आठवडे जातात.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला जाल तेव्हा रिपोर्टचा कागद पुरत नाही. स्कॅनची सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक-स्लाइड मागून घ्या आणि सोबत न्या.