ला पाझ किंवा कुस्कोला निघण्यापूर्वी

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि निपाणी त्याहून काहीसे खाली, तर बोलिव्हियातील ला पाझ सुमारे ३,६०० मीटरांवर, तेथील एल आल्तो विमानतळ ४,००० मीटरांहून उंच आणि पेरूतील कुस्को सुमारे ३,४०० मीटरांवर आहे. त्यामुळे सीमाभागातून या स्पॅनिशभाषक देशांकडे जाणाऱ्यांनी व्हिसा आणि गरम कपड्यांच्याही आधी शरीराचा विचार करायला हवा. उंचावरही हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो, परंतु हवेचा दाब घटल्यामुळे ला पाझमध्ये प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांशच उरतो. ही तूट भरून काढण्यासाठी श्वसन वाढते आणि मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कलीचा तोल नव्याने साधतात. यालाच अनुकूलन म्हणतात आणि त्याला दिवस लागतात.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने अनुकूलनाची शिस्त येथील अनेक घरांना जवानांकडून ठाऊक आहे. २,७०० ते ३,६०० मीटरांच्या टप्प्यासाठी सैन्यात सहा दिवस दिले जातात, त्यापुढे ४,५०० मीटरांपर्यंत आणखी चार दिवस. तरुण, धडधाकट जवानालाही जी सवड लागते, ती साठीच्या पर्यटकाला न देता त्याला थेट ला पाझला उतरवून त्याच दुपारी शहर दाखवणारा सहलीचा कार्यक्रम स्वीकारूच नये. रोजच्या व्यायामामुळे या त्रासापासून संरक्षण मिळते, हा समजही खरा नाही.

म्हणून औषधापेक्षा मार्गाची आखणी महत्त्वाची. बोलिव्हियात सुमारे ४०० मीटरांवरील सांता क्रूझला उतरून, अडीच हजार मीटरांवरील कोचाबांबात दोन-तीन रात्री काढून मग ला पाझ गाठावे. पेरूत कुस्कोच्या विमानतळावरून त्याच दिवशी खाली उरुबांबाच्या खोऱ्यात मुक्कामाला जावे आणि कुस्को शेवटी ठेवावे. ३,००० मीटरांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये. हे शक्य नसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने अ‍ॅसिटाझोलामाइड हे अनुकूलनाला वेग देणारे औषध, बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून घेता येते. त्याने लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना आधीच सांगितली पाहिजे.

पोहोचल्यावर काही तासांतच डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि झोपमोड सुरू झाली, तर तो उंचीचा आजार समजून आणखी वर जाणे थांबवावे आणि मद्य व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे हे मेंदूला सूज आल्याचे, तर बसल्या जागी धाप लागणे आणि खोकला येणे हे फुप्फुसांत पाणी साचल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता प्राणवायू द्यावा आणि रुग्णाला खाली उतरवावे, कारण विलंब जिवावर बेततो.

निपाणी परिसरात तंबाखूच्या वखारींत किंवा विडीकामात वर्षे घालवलेल्यांनी, तसेच धूम्रपान करणाऱ्यांनी, निघण्यापूर्वी फुप्फुसांची क्षमता तपासून घ्यावी. रक्तक्षय, हृदयविकार किंवा दमा असल्यास तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना भेटावे. मधुमेहींनी इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीत ठेवावे आणि थंडीत व उंचीवर साखर मोजण्याचे यंत्र चुकू शकते हे ध्यानात घ्यावे.

बोलिव्हिया आणि पेरू हे पीतज्वराचे देश मानले जात असल्याने तेथून भारतात परतताना लसीचे प्रमाणपत्र लागते, आणि ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी, केवळ अधिकृत केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्र आता आयुष्यभर ग्राह्य असते. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, दुबळी प्रतिकारशक्ती किंवा साठीपुढील वय असल्यास ती घ्यावी की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

त्या देशांत उंचीच्या आजाराला सोरोचे म्हणतात आणि त्यावर कोकाच्या पानांचा चहा सर्रास दिला जातो. त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि ती पाने भारतात आणणे हा १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली गुन्हा आहे. ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणजे डोके दुखते आहे, ‘नो पुएदो रेस्पिरार’ म्हणजे श्वास घेता येत नाही, ‘नेसेसितो ओक्सिहेनो’ म्हणजे प्राणवायू हवा आहे, ही वाक्ये देवनागरीत लिहून प्रत्येक सहप्रवाशाच्या खिशात ठेवावीत, कारण मेंदूला सूज आलेल्या रुग्णाला स्वतःचा त्रास सांगता येईलच असे नाही.